गाडीखालची मोजणी

हेगे बंधूंच्या शेतातून वाहणाऱ्या ओढ्याचा हजार फुटांचा तुकडा टेस वोइचिकनं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोजला. गवत सुटलेला, उघडा पडलेला काठ : सहाशे वीस फूट. त्याची जास्तीत जास्त उंची : सात फूट दोन इंच. गुडघ्याच्या वर पाणी येईल असे डोह : तीन. पात्रात पडलेली झाडं : दोन. ट्राउट मासे : बावीस. त्यांपैकी अठरा तपकिरी, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरून आणून सोडलेल्यांचे वंशज. उरलेले चार या पाण्याचे मूळचे, पोटाशी केशरी आणि पंखांना खडूनं ओढल्यासारखी पांढरी किनार असलेले. मोटारगाडी : एक.

गाडी मोठ्या वळणावर काठातच पुरलेली होती. एके काळी हिरवी असावी. दारं नव्हती, काचा नव्हत्या, टपावर माती चढून गवत उगवलं होतं, आणि उजवी बाजू पाण्यात होती. पश्चिम विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यांमध्ये एके काळी काठ ढासळायला लागला की शेतकरी जुनी गाडी ढकलून द्यायचे. बहुतेक गाड्या पुरांनी केव्हाच उलथवून नेल्या. हेग्यांची तेवढी राहिली होती.

जिल्ह्याच्या मृदा-जलसंधारण कार्यालयात टेसला कामाला लागून अकरा महिने झाले होते, आणि हा ओढा तिचा पहिला स्वतंत्र प्रकल्प होता. काठ दर वसंतात फूटभर ढासळायचा. ती माती खाली जाऊन खडीवर बसायची, आणि मूळचे मासे अंडी घालतात ते नेमकं त्याच खडीत. अजून पाच-सहा वर्षं असंच चाललं तर चाराचे शून्य व्हायला वेळ लागणार नव्हता. उपाय जुनाच होता. उंच काठ छाटून उतरता करायचा, पायथ्याशी दगड बसवायचे, वर गवत पेरायचं. आणि वळणांवर, काठाच्या पोटात, ओकच्या फळ्यांच्या पेट्या बसवायच्या, पाण्याच्या बाजूनं उघड्या, वरून दगडमातीनं झाकलेल्या. माशांना लपायला अंधारी कपार मिळते आणि काठालाही आधार होतो. तिथं त्यांना कपारीच म्हणत. टेसच्या नकाशात अशा चोवीस होत्या. फळ्या पलीकडच्या खोऱ्यातल्या अमिश पंथीयांच्या लाकूड-कारखान्यात कापून तयार होत्या. पोकलेन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात यायची होती. ती आठवडाभरच मिळणार होती, आणि पंधरा सप्टेंबरनंतर माशांच्या अंडी घालण्यामुळे पाण्यात कुणालाही काम करता येत नाही. म्हणजे यंदा जमलं नाही, तर एक वसंत आणखी गेला.

शेत दोघा भावांचं होतं, तेव्हा परवानगीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागणार होत्या. धाकट्या ऑर्लिननं, वय एकोणऐंशी, बैलगाडीइतकी मोठी सही दहा मिनिटांत ठोकून दिली होती. थोरला सेल्मर, वय चौऱ्याऐंशी, अजून वाचतच होता. वाचायला लागून सहा आठवडे झाले होते.

जूनच्या पहिल्या सोमवारी टेस त्यांच्या स्वयंपाकघरात बसली होती. दोघांनी लग्नं केली नव्हती. टेबलाला खुर्च्या तीन, त्यातली एक पाहुण्याची.

"कॉफी घेणार?" ऑर्लिननं विचारलं.

"नको, आत्ताच झाली."

"थोडी?"

"नको, खरंच."

"किटली भरलेली आहे."

"मग अर्धा कप."

ऑर्लिननं काठोकाठ ओतली. टेस मिलवॉकीतल्या पोलिश घरातली. तिथं पाहुण्याला विचारत नाहीत, वाढतात. या नॉर्वेजियन खोऱ्यात पहिली दोन 'नको' नुसती रामरामासारखी असतात, हे शिकायला तिला एक हिवाळा लागला होता. त्या हिवाळ्यात ती बऱ्याच घरांतून कोरडी परतली होती.

तिनं कागद सेल्मरपुढे सरकवला. "तुमची सही राहिलीय."

"राहू दे."

"शुक्रवारपर्यंत मिळाली तर पोकलेन पक्की करता येईल."

"बघू."

तिनं पेन कागदाशेजारी ठेवलं. मग तिसऱ्यांदा म्हणाली, "सेल्मर, तुम्हाला काय खटकतंय ते तरी सांगा. मी बदलते."

"नको," सेल्मर म्हणाला.

त्या घरात तिसरं 'नको' खरं असतं. टेसनं कप खाली ठेवला.

सेल्मरनं नकाशा उलटा करून तिच्याकडे केला आणि मोठ्या वळणावर बोट टेकवलं. तिथं तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं : कचरा, जुनी गाडी, काढून टाकणे.

"हेच मी साठ वर्षं बोंबलून सांगतोय," ऑर्लिन म्हणाला. "सरकारनं आत्ता कुठं कागदावर आणलं."

"तू गप. तुला तेव्हा गाडी चालवताही येत नव्हती."

"येत होती. मी ती ओढ्यात घातली नाही, एवढंच."

सेल्मरनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "एप्रिलात मासे किती निघाले म्हणालीस?"

"बावीस."

"गाडीखाली किती?"

टेस जरा अडखळली. मासे मोजायला पाण्यात सौम्य वीज सोडतात. मासा क्षणभर गुंगतो, जाळीत येतो, मोजून परत सोडतात. लोखंडाजवळ मात्र त्या विजेचा भरवसा नसतो. "गाडीच्या भोवतीचे वीस फूट सोडले होते. अहवालात तळटीप आहे."

"म्हणजे मोजलं नाहीस."

"नाही."

"मग बावीस कसे म्हणतेस?"

 कॉलेजात तिच्या मार्गदर्शक बाईंनी हाच प्रश्न विचारला असता आणि वही परत दिली असती. टेसचे कान गरम झाले. पण गाडी चालवत परत जाताना तिच्या लक्षात आलं, की सहा आठवड्यांत म्हाताऱ्यानं आज पहिल्यांदा तिच्या कामात रस घेतला होता.

बुधवारी ती मासळीच्या वासाचा जाड रबरी पोशाख, पाण्यात बघायचा चष्मा आणि पाण्याखाली चालणारी बॅटरी घेऊन आली. वीज चालत नसेल तर डोळ्यांनी मोजायचं. झऱ्याचं पाणी जूनमध्येही दहा अंशांच्या वर जात नाही. ऑर्लिननं तिच्या घोट्याला दोर बांधला.

"पाय हलला की ओढतो," तो म्हणाला. "पाय हलायचा थांबला तरी ओढतो."

"मग न ओढण्यासारखं काय आहे?"

"ते मी विचार करून ठेवलेलं नाही."

सेल्मर काठावर चारचाकी शेतगाडीच्या सीटवर, टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. पायांनी साथ सोडल्यापासून तो ओढ्यापर्यंत असाच यायचा. आपण काहीतरी बघायला आलोय असं त्यानं दाखवलं नाही.

टेस पोटावर झोपून गाडीच्या पाण्यातल्या कडेखाली सरकली. आधी नुसता काळोख होता. मग बॅटरीच्या उजेडात काठावरच्या विलो झाडाच्या मुळ्या दिसल्या, एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडलेल्या, वेणीसारख्या. त्यांच्या मागे, जिथं एके काळी पाय ठेवायची जागा असेल तिथं, मासे उभे होते. एकमेकांना न लागता, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. किनारीच्या पांढऱ्या रेघा हलत होत्या, म्हणून ते मोजता येत होते. तिनं मोजले. बाहेर येऊन श्वास घेतला, पुन्हा गेली. एकदा सोळा आले. मग सतरा. तिसऱ्यांदाही सतरा.

ती बाहेर आली तेव्हा तिचे दात वाजत होते. "सतरा," ती म्हणाली. "त्यात बारा मूळचे."

बाकी सगळ्या हजार फुटांत चार. या एका गाडीखाली बारा.

ऑर्लिननं दोर हातातल्या हातात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "मला वाटायचं, असतील दोन-तीन," तो म्हणाला.

"थँक यू, सेल्मर," टेस एकदम बोलून गेली. पाण्यातून बाहेर आल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. हे मासे राहिले ते या माणसामुळे. त्याच्या गाडीला तिनं कचरा म्हटलं होतं.

सेल्मरनं मान वळवली आणि पलीकडच्या टेकडीवरच्या मक्याकडे बघत राहिला. तिथं माणसाचे तोंडावर आभार मानणं म्हणजे त्याला भर चर्चमध्ये उभं करण्यासारखं. ऑर्लिन खोकला. टेसलाही कळलं, की आता दुसरं काहीतरी बोललं पाहिजे.

"ती इतकी खोल का बसवलीत?" तिनं विचारलं. "मी पाहिलेल्या बाकी सगळ्या गाड्या काठावर वर टाकलेल्या होत्या."

हा प्रश्न मात्र सेल्मरला पेलला. टोपी मागे सरकली.

"सगळे वसंतात टाकायचे," तो म्हणाला. "तेव्हा वेळ असतो, आणि काठ पडलेला समोर दिसतो. पाणीही भरपूर असतं. गाडी बुडाली की झालं, असं वाटतं. ऑगस्टात पाणी उतरलं की अर्धी उघडी पडते. लोखंड कायम पाण्यात राहिलं तर टिकतं. ओलं-कोरडं होत राहिलं की भाजीसारखं कुजतं. मी चौसष्टच्या ऑगस्टपर्यंत थांबलो. इतका कोरडा ऑगस्ट आमच्या बापानंही पाहिला नव्हता. इंजिन काढलं, तेल काढलं, काचा काढल्या, आत दगड भरले. आणि पाणी जिथवर उतरलं होतं, त्याच्या खाली कड बसवली."

"आणि मी आईच्या कोंबड्या सांभाळत होतो," ऑर्लिन म्हणाला, "कारण याला सगळी दुपार ओढ्यात उभं राहायचं होतं."

"जिथवर उतरलं होतं, म्हणजे कुठवर?" टेसनं विचारलं.

सेल्मरनं शेतगाडी चालू केली. "चल."

दोनशे फूट खाली जुन्या पुलाचा काँक्रीटचा खांब उभा होता. पूल केव्हाच गेला होता. भावांच्या वडिलांच्या काळात दुधाचे कॅन इथल्या पाण्यात गार ठेवायचे. त्यासाठी पाणी घेणारा पाइप किती खाली लावायचा हे कळावं म्हणून सेल्मरनं कोरड्या वर्षी पाणी जिथवर उतरलं तिथं खांबावर छिन्नीनं खूण करायला सुरुवात केली, आणि कॅन गेल्यावरही ती सवय सोडली नाही. शेवाळ खरवडल्यावर त्या दिसल्या. चार आडव्या रेघा, प्रत्येकीशेजारी सालाचे शेवटचे दोन आकडे. चौसष्ट. शहात्तर. अठ्ठ्याऐंशी. बारा. अठ्ठ्याऐंशीची सर्वांत खाली.

टेस ट्रकमधून उंची मोजायची लेव्हलची दुर्बीण आणि मोजपट्टी घेऊन आली. तिच्या कपारींची उंची ठरवणाऱ्या खुंट्या वळणावर ठोकलेल्याच होत्या. उन्हाळ्यातल्या सर्वांत कमी पाण्याच्या दोन इंच खाली कपारीची वरची फळी, हा नियम. आणि सर्वांत कमी पाणी तिनं गेल्या तीन वर्षांच्या नोंदींवरून काढलं होतं, कारण नोंदी तेवढ्याच होत्या. तिन्ही वर्षं पावसाची होती. उताराचा हिशेब धरून तिनं सेल्मरची अठ्ठ्याऐंशीची रेघ वळणापर्यंत नेली. वाचन घेतलं. पुन्हा घेतलं.

"माझी रेघ तुमच्यापेक्षा पाच इंच वर आहे," ती म्हणाली.

"मग?" सेल्मर म्हणाला.

"मग कोरड्या ऑगस्टात वरच्या फळ्या उघड्या पडल्या असत्या."

"ओक आहे ना तो?" ऑर्लिननं विचारलं. "ओकला काय होतंय?"

"कायम बुडालेला राहिला तर पन्नास वर्षं काही होत नाही. ओला-कोरडा होत राहिला तर आठ-दहा वर्षांत भुगा."

"भाजीसारखा," सेल्मर म्हणाला.

"हो. आणि कुणाला कळलंही नसतं. मी तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले असते." तिनं मोजपट्टी मिटवली. "चोवीसच्या चोवीस खाली घ्यायला हव्यात. आज हे दिसलं ते बरं झालं."

तिनं या वेळी थँक यू म्हटलं नाही. तिला ते फार वाटत होतं, आणि तिनं ते खुंट्या उपटण्यात घालवलं.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली होती, आणि ती न सांगता सही घेणं तिला जमणार नव्हतं. ती गाडीपाशी परत आली, आणि सेल्मरही शेतगाडीतून मागोमाग आला. "सेल्मर, मासे यात आहेत हे खरं. पण तरीही ही काढावी लागेल. पाण्यात आहे ती बाजू अजून चांगली आहे, पण मागची..."

"मागे पोकळ झालंय," सेल्मर म्हणाला. त्यानं हातातल्या काठीनं टपावर दोनदा ठोकलं. "गेल्या वर्षीपासून आवाज बदललाय. दोन पूर, फार तर तीन. मग ही फिरेल आणि अख्खं वळण घेऊन जाईल."

टेस त्याच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझीच आहे ना गाडी."

"मग सहा आठवडे..."

"मासे न मोजता कचरा लिहिलंस," तो म्हणाला. "मोजून काय लिहितेस ते बघायचं होतं."

टेसनं नकाशा शेतगाडीच्या बॉनेटवर पसरला. कचरा हा शब्द सरळ एका रेघेनं खोडला, वाचता येईल असा, कारण चुकलेली नोंद पुसायची नसते. वर लिहिलं : पहिली कपार, एकोणीसशे चौसष्ट. तिच्या जागी, अठ्ठ्याऐंशीच्या रेघेखाली, पाचवी कपार.

सेल्मरनं ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. "वाईट नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी स्वयंपाकघरात ऑर्लिन किटली घेऊन आला आणि काही न विचारता त्यानं टेसचा कप भरला. सही करायला सेल्मरला फार वेळ लागला. त्याचं अक्षर शाळेतल्या मुलासारखं वळणदार होतं.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी वेंडेल नावाचा ड्रायव्हर पोकलेन घेऊन आला. आधी टेसनं जाळ्या लावून गाडीखालचे मासे बाहेर काढले आणि गार पाण्याच्या टबांतून वरच्या डोहात नेले. ते अठरा निघाले. तिनं वहीत लिहिलं : जूनची मोजणी एकानं कमी.

मग साखळी लागली. गाडी पहिल्या झटक्याला आली नाही. दुसऱ्यालाही नाही.

"साठ वर्षांनी कुणालाही अंथरुणातून उठवलं तर असंच होणार," वेंडेल म्हणाला.

तिसऱ्या झटक्याला ती मधोमध तुटली आणि दोन तुकड्यांत वर आली. मुळ्या, दगड आणि काळं पाणी गळत होतं. ऑर्लिननं टोपी काढली. सेल्मरनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"चांगली बसवली होतीस," ऑर्लिन म्हणाला.

"आता सांगतोयस?"

"आधी दिसत नव्हतं. पुरलेली होती."

पुढचे चार दिवस कपारी बसत होत्या. आधी काठावर फळ्या ठोकून पेटी करायची, पोकलेननं उचलून पाण्यात ठेवायची, भोकांतून लोखंडी सळया तळात ठोकायच्या, वरून दगड, त्यावर माती. प्रत्येक पेटी ठेवली की सेल्मर हात वर करून सगळ्यांना थांबवायचा आणि टेसनं दुर्बिणीतून वाचलेला आकडा मोठ्यानं म्हणायला लावायचा. बाराव्या पेटीला अर्धा इंच फरक आला. त्यानं ती पुन्हा उचलायला लावली. वेंडेलनं आकाशाकडे पाहिलं, पण उचलली. दुपारी चर्चच्या बायका बटाटे-खिम्याचं ओव्हनमध्ये भाजलेलं कालवण आणि चीजच्या ताज्या गोळ्या घेऊन यायच्या. दातांखाली करकरणाऱ्या त्या गोळ्या टेसनं इतक्या खाल्ल्या, की बायकांनी तिच्यासाठी वेगळी पिशवी आणायला सुरुवात केली. कुणी तसं बोलून दाखवलं नाही. पिशवी नुसती तिच्या बाजूला ठेवलेली असायची.

शनिवारी संध्याकाळी उतरत्या काठावर गवताचं बी पेरून झालं. सगळे गेल्यावर टेसनं हेग्यांच्या ओसरीत पाच पौंड कॉफीची पिशवी ठेवली. चिठ्ठी ठेवली नाही. सोमवारी सकाळी तिच्या ट्रकच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली रुबार्बच्या आंबट, लाल देठांची जुडी होती, आणि ओढ्यातल्या जुन्या गाडीच्या चाकावरची गोल, गंजकी टोपी, घासून घासून निम्मी चकचकीत केलेली. चिठ्ठी तिथंही नव्हती.

दोन वर्षांनी टेस खरंच शेजारच्या जिल्ह्यात गेली होती. पण ऑगस्टातल्या मोजणीला तिनं स्वतःच यायचं ठरवलं. त्या वर्षी जूनपासून पाऊस जवळजवळ नव्हता. पलीकडच्या टेकडीवर मक्याची पानं सुरळ्या झाली होती. काठावरचं गवत मात्र कमरेपर्यंत आलं होतं. सेल्मर, आता शहाऐंशीचा, त्याच्यातून डोकं वर काढून शेतगाडीत बसला होता. ऑर्लिननं दोर घेतला.

"या वेळी लोखंड नाही," टेस म्हणाली. "वीज चालते. दोराची गरज नाही."

"पाचव्या कपारीला डोळ्यांनीही मोज," सेल्मर म्हणाला. "दोन्ही मोज."

तिनं दोन्ही मोजलं. मग पुलाच्या खांबाशी गेली, शेवाळ खरवडलं, आणि पाणी अठ्ठ्याऐंशीच्या रेघेच्या दीड इंच वर असल्याचं वाचलं. परत येऊन वळणावर पाण्यात उभी राहिली, पट्टी पाचव्या कपारीच्या फळीवर टेकवली आणि आकडे मोठ्यानं म्हणाली. ऑर्लिन लिहून घेत होता.

उघडा काठ : अकरा फूट. तपकिरी ट्राउट : चौसष्ट. मूळचे : एकशे एकोणीस. पाचव्या कपारीत : विजेनं अडतीस, डोळ्यांनी अडतीस. वरच्या फळीवर पाणी : साडेतीन इंच.